कुणाच्या शेजारी ते विचारा

३ ऑगस्ट २००३, रविवार

“नंबर काय इचारता बाई, कुनाच्या शेजारी ऱ्हात होतो ते इचारा.”

सटवाजी हे बोलले त्याला दहा वर्षं होत आली. भूकंपानंतरचा हिवाळा होता. आमच्या महिला मंडळानं औशाच्या बाजूला एक गाव मदतीसाठी घेतलं होतं, बोरटाकळी. पत्र्याच्या शेडमध्ये सटवाजी गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि मी मांडीवर पुठ्ठा ठेवून त्यांना विचारत होते, जुन्या गावात तुमचा घर नंबर काय? त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं. मग हात पुढे करून हवेतच एक गल्ली काढली आणि कोपऱ्यापासून घरं सांगायला सुरुवात केली. ह्याच्या शेजारी तो, त्याच्या शेजारी ती. मी लिहायचं थांबले होते.

तेव्हा त्यांच्या पाठीशी कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा बसला होता. तो दयानंद. आता तो आमच्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. पुढे त्यानं कुणाचा तरी टेप मागून आणून वडिलांना पुन्हा ते सगळं गाव बोलायला लावलं होतं. दोन्ही बाजूंची घरं, कुणाचं दार कुणीकडे, कोण कुणाशी बोलत नव्हतं, कुणाची म्हैस लाथ मारायची. सटवाजी जाऊन चार वर्षं झाली. आज दयानंद त्या कॅसेटी कॅरीबॅगमध्ये घालून घेऊन आला.

“खराब होऊन राहिल्यात मॅडम. पट्टी अडकली की बाबा राक्षसावानी बोलतात.”

यंदा भूकंपाला दहा वर्षं होतात. नव्या गावच्या देवळात लोकांना हे ऐकवायचं त्याच्या मनात आहे.

मी म्हणाले, “आण इकडे. कॉम्प्युटरवर घेऊ. एकदा तिथं गेलं की काही होत नाही.”

१० ऑगस्ट

उत्तरपत्रिका तपासायचं नवीन यंत्र आलं आहे. मुलांनी काळे केलेले गोल ते वाचतं. पण ते विंडोज एक्सपीवरच चालतं, आणि आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ९८. ती काढून टाकता येत नाही, कारण मराठी प्रश्नपत्रिकांचे टाइप एक्सपीत नीट छापले जात नाहीत. वेलांट्या भलतीकडे जातात. ह्यांचं म्हणणं दुकानातला माणूस बोलवावा. मी बोलावलं नाही. दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर मीच बसवल्या. बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, कुठे जायचं?

हे म्हणाले, “एका घरात दोन सासवा. बघ बाई, तुझं तू.” ह्यांना, म्हणजे रेणुकादासांना, सगळं लातूर गणिताचे सर म्हणून ओळखतं. क्लास त्यांचा. कॉम्प्युटरची खोली माझी.

एक गंमत इथं लिहून ठेवते. हार्ड डिस्कचे चार भाग केले आहेत. पहिल्यावर ९८, दुसऱ्यावर एक्सपी, तिसऱ्यावर आमचं काम, चौथ्यावर अडगळ. ९८ ला एक्सपीचा भाग दिसतच नाही, जागाच ओळखता येत नाही तिला. म्हणून ती तो सोडून पुढे मोजते. तिच्या लेखी काम ‘डी’ आणि अडगळ ‘ई’. एक्सपीला मात्र सगळे भाग दिसतात, म्हणून तीच घरं एकेकानं पुढे सरकतात. तिथं ‘डी’ ती स्वतः, काम ‘ई’ आणि अडगळ ‘एफ’. गल्लीतलं एक घर न मोजता पुढे गेलं तर होईल तसं.

मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावावी असं मनात आलं. पण ही खोली वापरते मीच. मला पाठ आहे.

१७ ऑगस्ट

सगळ्या कॅसेटी झाल्या. टेपची वायर मशीनच्या मागे जोडून ऐकत ऐकत भरल्या. सटवाजी मध्येच खोकतात, मध्येच कुणाला तरी “सर जरा, उजेड येऊ दे” म्हणतात. सगळं ‘डी’ मध्ये ठेवलं.

दयानंद म्हणाला, “आई यंदा ऐकते म्हणाली, मॅडम.”

मला कळलं नाही.

“बाबा गेल्यापासून मी कॅसेट लावली की ती उठून शेताला जाते. एकदा भर उन्हात गेली. परवा आपणच म्हणाली, यंदा लाव, मी बसते.”

त्याच्या आईला, गुणाबाईंना, मी शेडच्या दिवसांत पाहिलं होतं. बोलायच्या कमी. तेव्हापासून जुन्या गावाचं नाव त्यांच्या तोंडी कुणी ऐकलं नाही म्हणे. नव्या गावातून शेताकडे जायची वाट जुन्या गावावरून जाते, तर त्या लांबच्या वळणानं जातात.

आजच दुसरी गडबड झाली. नांदेडच्या नव्या शाखेसाठी दयानंदची व्याख्यानं कॅसेटवर भरून उद्या सकाळच्या एसटीनं पाठवायची होती आणि रविवार, दुकानं बंद. हे खोलीत आले, कॅरीबॅगेत डोकावले. “या आहेत की. आता तर कॉम्प्युटरवर आलं ना सगळं?”

दयानंद म्हणाला, “राहू द्या की सर.” मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “अरे, आता त्या रिकाम्या डब्या.”

“तुम्ही म्हणता तर घ्या.”

कॅसेटीच्या मागच्या बाजूचे दोन्ही टॅब त्यानं तेव्हाच मोडून टाकले होते, कुणी चुकून वरून काही भरू नये म्हणून. टॅब मोडला की टेपचं लाल बटण दाबलं जात नाही. मी चिकटपट्टीचे तुकडे कापून ती भोकं बुजवली. दुपारभर दयानंदनं त्यांच्यावर पेशीविभाजन शिकवलं. फार छान शिकवतो.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक बरे झाले. सटवाजींच्या आवाजाची सीडी करायची राहिली आहे. गणपती गेले की करते.

७ सप्टेंबर, रविवार

दयानंद येऊन बसला होता. देवळात काय ऐकवायचं ते निवडायला. मी ९८ लावून दिली, कानाला हेडफोन दिला आणि स्वयंपाकाला वर गेले. खाली आले तर एकटाच हसत होता. “बाबा शेजारच्या गुंडप्पाची नक्कल करून राहिलेत,” म्हणाला. जाताना मशीन नीट बंद करून गेला.

८ सप्टेंबर

यंत्रानं आज सगळ्या बॅचच्या उत्तरपत्रिका वाचल्या. प्रत्येक पानाचं चित्र साठवतं ते, त्यामुळे एक्सपीत जागाच उरली नाही. निकाल उद्या लावायचा, पोरं सकाळपासून जिन्यात उभी. शेवटी ‘ई’ मधली अडगळ फॉरमॅट मारून साफ केली आणि सगळी चित्रं तिथं हलवली. कितीतरी जागा झाली. आधीच करायला हवं होतं.

ह्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, “आमच्या मॅडम आहेत म्हणून क्लास चालतो.” मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

१० सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज सीडी करायला ९८ लावली. ‘डी’ उघडली. आत काळे गोल काळे गोल. उत्तरपत्रिका.

‘ई’ उघडली. अडगळ जागच्या जागी.

मला कळायला काही वेळ लागला असं लिहायचं होतं. लागला नाही. त्याच क्षणी कळलं. परवा मी ‘ई’ म्हणाले ते ९८ मधलं ‘ई’ आणि बसले होते एक्सपीत.

प्रश्नपत्रिकांच्या सीड्या आहेत. सटवाजींची नाही.

तेवढ्यात दयानंद दारात आला. मी मॉनिटरचं बटण बंद केलं. म्हणाले, “आज मशीन जरा बिघडलंय.”

११ सप्टेंबर

दयानंदला सांगितलं की फाइली दिसत नाहीत. ‘दिसत नाहीत’ हा शब्द मी सकाळपासून शोधून ठेवला होता.

तो खुर्चीवर बसला. चेहरा उतरलाच, पण मी घाबरले होते तसं काही बोलला नाही. मग म्हणाला, “मॅडम, रविवारी मी बसलो होतो. माझ्या हातून तर काही दाबलं गेलं नसंल?”

मी म्हणाले, “बघते.”

एवढंच म्हणाले. नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात. तीही नाही म्हणाले.

१३ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं की आवाज गेले. कसे गेले ते सांगणार होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“रविवारी तो बसला होता ना? मग झालं. तू काळजी करू नकोस. तुझ्या खोलीत बाहेरच्यांनी हात लावला की असंच व्हायचं.”

“त्यानं काही केलं असं मी म्हणत नाही,” मी म्हणाले.

“तू कशाला म्हणतेस? तो स्वतःच म्हणतोय. त्या पोराला एक्सपी उघडतासुद्धा…” ते थांबले, चष्मा काढून पुसला. “असो. नांदेडच्या शाखेचं जीवशास्त्र त्याच्याकडे देणार होतो, तेही आता पुढे बघू. जबाबदारीचं काम आहे ते.”

त्यांना मशीनमधलं काही कळत नाही, म्हणून असं बोलतात.

१५ सप्टेंबर, नांदेड

डिस्क काढून टॉवेलमध्ये गुंडाळली, मांडीवर ठेवून एसटीनं माहेरी आले. आईला सांगितलं, शाखेचं काम आहे. वजिराबादेत भुजंग नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान आहे, गेलेलं परत काढून देतो असं ऐकलं होतं. त्यानं डिस्क जोडली, चहा मागवला, आणि पडद्याकडे बघतच विचारलं, “कुनी मारलं फॉरमॅट?”

“क्लासमधल्या एकानं.”

“हुशार मानूस दिसते. दोन सिस्टीमा टाकल्या अन् दोन्हीकडं अक्षरावर भरवसा ठेवला.” तो हसला. “हे एक्सपीतून झालंय ताई, सोमवारी. नुसतं फॉरमॅट असतं तर सगळं काढून दिलं असतं. पण लगेच वरून माल कामून भरला? खामखा?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“अक्षर डिस्कचं नसतं ताई. सिस्टीम आपली आपली मोजती अन् अक्षर वाटती. आज ई, उद्या एफ. भागाला नाव द्यायचं. नाव डिस्कवर लिहिलं जातं, मग कोनत्या बी दारानं आत या, तेच दिसतं. त्या तुमच्या मानसाला सांगा.”

“सांगते,” मी म्हणाले.

मला दहा वर्षांपूर्वी एकानं फुकट सांगितलं होतं. नंबर विचारू नका. मी ते वाक्य किती जणांना कौतुकानं ऐकवलं आहे, मंडळाच्या भाषणातसुद्धा. मला वाटायचं मी ते ऐकलं आहे.

भुजंगनं दिवसभर खटपट करून एक तुकडा काढला. दोनेक मिनिटांचा. बाकी सगळं उत्तरपत्रिकांखाली गेलं.

१६ सप्टेंबर

लातूरला परत आले. तुकडा मिळाला हे अजून कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर विचारतील, तो भुजंग आणखी काय म्हणाला?

१९ सप्टेंबर

दयानंद आता खोलीच्या आत येत नाही. उंबऱ्यावर थांबतो. आज पंखा लावायचा होता तर मला म्हणाला, “मॅडम, एवढं बटन दाबता का?”

आधी मला वाटलं थट्टा करतो आहे.

शिक्षकांच्या खोलीत ह्यांनीच सुरुवात केली म्हणे. “दयानंद, त्या टेबलाला हात लावू नको रे, उडून जाईल.” मग ते पोरांपर्यंत गेलं. आज जिन्यात एक मुलगी त्याच्या हातातला खडू काढून घेत म्हणाली, “सर, द्या माझ्याकडं, पुसलं जाईल.” सगळी हसली. तोही हसला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. मी हसले नाही, पण खाली उतरूनही गेले नाही.

स्वतःशी म्हणते की दहावं वर्ष पार पडू दे, मग सांगू. आता सांगून त्याचा कार्यक्रम कशाला बिघडवू? वाचायला बरं वाटतं हे. खरं असं आहे की सगळे मला मॅडम म्हणतात त्या आवाजाची मला सवय झाली आहे.

२२ सप्टेंबर

दयानंद गावाकडून आला. हातात फडक्याची गाठोडी.

“आईनं दिलं. नवीन मूग आहेत.”

“कशासाठी?”

“मी तिला सांगितलं. म्हटलं, आई, माझ्या हातून बाबा पुसले गेले.” त्यानं गाठोडी उंबऱ्याच्या आत सरकवली. स्वतः आत आला नाही. “ती म्हणाली, त्या बाईनं उन्हातान्हाचं बसून भरलं व्हतं, तिला किती वाईट वाटलं असंल. तिला दे.”

“तुला काही बोलल्या?”

“न्हाई. मला काय बोलणार? शेताला गेली.”

२३ सप्टेंबर

मूग ओट्यावर आहेत. फडक्याची गाठ सोडवत नाही.

हे म्हणाले, “खिचडी कर की. नवीन मूग गोड लागतात.”

मी केली नाही.

२५ सप्टेंबर

सांगितलं.

दुपारच्या सुट्टीत दयानंदला हाक मारली. तो उंबऱ्यावर थांबला. आत ये म्हणाले, तरी थांबलाच. शेवटी मी त्याचं मनगट धरून आत आणलं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी असं धरलं नव्हतं. खुर्चीवर बसवलं. ९८ लावली, दाखवलं: ही ‘डी’, ही ‘ई’. मशीन बंद करून पुन्हा लावलं, एक्सपीत गेले, दाखवलं: आता तेच बघ, सगळे सरकले. ज्याला तिकडे ‘डी’ म्हणतो त्याला इकडे ‘ई’ म्हणतात. मग म्हणाले, “त्या सोमवारी मी इथं बसले होते आणि मला वाटलं मी तिकडे आहे. मी मारलं फॉरमॅट. तू नाही.”

मी फार समजावून सांगितलं. नकाशाच काढला जवळजवळ. आता लिहिताना वाटतं, समजावून सांगणंसुद्धा लपणंच होतं. त्याला सिस्टीम कशा मोजतात ते नको होतं.

तो म्हणाला, “म्हणजे रविवारी मी काही केलं नव्हतं?”

“नाही.”

“काहीच न्हाई?”

“नाही रे. तू नीट बंद करून गेला होतास.”

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. “मॅडम, मी रोज तो रविवार आठवून राहिलो. कोणतं बटन दाबलं, कोणतं बटन दाबलं. झोपीत बोट हलतं म्हणते आई.” मग म्हणाला, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

मला वाटलं तो उठून जाईल. ओरडेल. मला ते हवं होतं, बहुतेक. तो बसून राहिला. घंटा झाली. मग उठला, पंख्याचं बटण स्वतः बंद केलं आणि दारात वळून म्हणाला, “आईला तुम्ही सांगा. मी एकदा सांगितलंय, पुन्हा वेगळं सांगणार न्हाई.”

त्या तुकड्याचं सांगायचं राहिलं. तो गेल्यावर आठवलं.

२६ सप्टेंबर

सकाळी ह्यांना सांगितलं. ते पेपर तपासत होते. मान वर केली नाही.

“मग? मला ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“अगं, सोमवारी तूच नाही का म्हणालीस, ई साफ केली, केवढी जागा झाली? आणि तो पोरगा ‘फाइली गेल्या’ म्हणून फिरतोय. दोन आणि दोन मला जोडता येतात भार्गवी.” लाल पेननं बरोबरची खूण केली, पान उलटलं. “क्लासमध्ये तुझं नाव यायला नको. मी तुझ्यासाठीच केलं.”

मला राग आला. मग वाटलं, मी कोणत्या तोंडानं रागावते आहे? त्यांनी जे बोलून केलं ते मी न बोलता केलं. एकाच बाकावर बसलो आहोत दोघं, फक्त त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

“नांदेड त्यालाच द्या,” मी म्हणाले. “आणि शिक्षकांच्या खोलीत खरं काय ते तुम्ही सांगणार की मी सांगू?”

त्यांनी पुढचा पेपर ओढला. दहाच्या सुट्टीत मीच जाऊन सांगितलं. सगळे चहाच्या कपात बघत राहिले. बाहेर आले तर जिन्यात पोरं मला बघून गप्प झाली. दयानंदला बघून ती हसायची. गप्प बसणं हसण्यापेक्षा सोपं जातं असं काही नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

बोरटाकळीला जाऊन आले. औशापर्यंत एसटी, पुढे ऑटो. दयानंद आदल्या दिवशीच गेला होता. तुकडा सापडल्याचं त्याला फोनवर सांगितलं, तेव्हा “बरं” एवढंच म्हणाला. तुकडा कॅसेटवर उतरवून घेतला होता. टॅब मोडून.

नवं गाव एका मापाचं आहे. सगळी घरं सारखी, दारांवर पांढऱ्या रंगात नंबर. ऑटोवाल्यानं विचारलं, “कोनता नंबर?” मला नंबर माहीत नव्हता. “गुणाबाईंचं घर,” म्हणाले. तो म्हणाला, “असं म्हना की.”

गुणाबाई ओसरीवर बसून मेथी निवडत होत्या. देवळात जमायला वेळ होता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि प्रवासात पाठ केलेलं एका दमात सांगून टाकलं: दयानंदनं नाही, मी पुसलं. आणि माहीत असून गप्प बसले. तुमच्या लेकाला तसंच राहू दिलं.

त्यांनी काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली.

“कसं काय पुसलं?”

मी सांगायला लागले, दोन सिस्टीम, एक दिसते एक दिसत नाही. मग थांबले. म्हणाले, “घर चुकले मावशी.”

“हं.”

पुढची जुडी घेतली. दयानंद खांबाला टेकून उभा होता. त्यानं मला सोडवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

शेवटी मी म्हणाले, एक तुकडा राहिलाय, ऐकता का? त्यांनी हो म्हटलं नाही, उठूनही गेल्या नाहीत. दयानंदनं टेप आणला, त्यानंच बटण दाबलं.

सटवाजी बोलायला लागले. “…तिथनं खाली उतरलं की कडुनिंब. लिंबाला लागून भानुदासचा गोठा. गोठ्याच्या म्होरं आमचं दार. आमच्या शेजारी गुंडप्पा, वानी, उधार देईना पर पानी इचारल्याबिगर सोडंना. गुंडप्पाच्या शेजारी भुतड्याची जागा, मोकळी. तिच्या शेजारी…”

आणि खरखर.

गुणाबाईंचे हात थांबले होते. त्या टेपकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

“मधीच थांबलं?”

“हो.”

“पुढं न्हाईच?”

“नाही मावशी.”

देवळातून स्पीकरवर कुणी तरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

मग त्या एकदम म्हणाल्या, “चुकीचं सांगतेत.”

दयानंद खांबापासून सरळ झाला. “काय आई?”

“गुंडप्पाच्या शेजारी मोकळी जागा कुठं व्हती? मदी दानम्माची खोली न्हाई का? दार मागल्या अंगाला व्हतं म्हनून ह्यांना कदी दिसलीच न्हाई. जन्मभर त्याच वाटंनं गेले अन् आले.” त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. “कायम चुकायचे. सांगायचं कोन त्यांना.”

दयानंद हसला. मग रडला, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. मला म्हणाल्या, “मूग खाल्लं का?”

मी खोटं बोलले नाही. “नाही अजून.”

“टोका पडतो ठिवल्यावर, पोखरून टाकतो. खाऊन टाका.”

देवळात दयानंदनं तो तुकडा तीनदा लावला. लोक प्रत्येक वेळी ‘भानुदासचा गोठा’ला हसले. गुणाबाई आल्या नाहीत. मी परत निघाले तेव्हा त्या ओसरीवर नव्हत्या, टोपलं घेऊन लांबच्या वळणानं शेताकडे निघाल्या होत्या.

२ ऑक्टोबर

आज मूग शिजवले. गोड होते.

मशीनवर बसून शेवटच्या दोन भागांना नावं दिली. ही नावं इंग्रजी अक्षरांतच घालावी लागतात. एकाला ‘अडगळ’, दुसऱ्याला ‘आवाज’. मग ९८ लावून बघितलं, एक्सपी लावून बघितलं. अक्षरं आपापल्या ठिकाणी सरकली, नावं तीच. ‘आवाज’ मधून उत्तरपत्रिका काढल्या, आता तिथं काही नाही, तो तुकडा सोडून.

दयानंद नांदेडला जाणार की नाही ते अजून म्हणत नाही. ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, “बघतो.” माझाच शब्द आहे तो. आज मात्र खोलीत आला, मी न सांगता.

मी त्याला विचारलं, रविवारी बोरटाकळीला येऊ का? तो म्हणाला, “या. पण ती न्हाईच म्हणंल, मॅडम. मी दहा वर्षं विचारून राहिलो.”

तरी जाणार आहे. नव्या कोऱ्या कॅसेटी घेतल्या आहेत, टेप दयानंदचाच. तिथं गेल्यावर वाक्य फिरवून गोड करायची माझी सवय मला माहीत आहे, म्हणून काय म्हणणार ते आजच लिहून ठेवते.

मावशी, जे मी घालवलं ते भरून द्या असं म्हणायला मला तोंड नाही. टेप दयानंदच्या हातात राहील, मी कशालाच हात लावणार नाही, तुम्ही म्हणाल तर रस्त्यावर जाऊन बसेन. पण सटवाजींना दिसली नव्हती ती दानम्माची खोली, तिच्या शेजारी कोण राहत होतं, तेवढं सांगाल का?